हेवीवेट लढतीचा अंदाज कसा बांधावा: नव्याने पाहणाऱ्यांसाठी

2 जून 2019, रविवारची सकाळ. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये, तिकडच्या शनिवारी रात्री, अँथनी जोशुआ आणि अँडी रुईझ समोरासमोर उभे राहिले. ही लढत चौथ्या फेरीपुढे जात नाही, असं मी घरात सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. जोशुआ सहा फूट सहा इंच, कोरून काढल्यासारखा देह, 22 लढती, 22 विजय, त्यातले 21 नॉकआउट. रुईझ चार इंचांनी बुटका, पोट सुटलेलं, ऐनवेळी बदली म्हणून आलेला. तिसऱ्या फेरीत जोशुआने त्याला पाडलं. झालं, असं मी म्हणालो, आणि त्याच फेरीत जोशुआच दोनदा खाली गेला. सातव्या फेरीत आणखी दोनदा गेल्यावर रेफ्रीने लढत थांबवली.

नंतर मी रुईझच्या जुन्या लढती शोधून पाहिल्या. सगळं तिथेच होतं. 2016 मध्ये ऑकलंडला तो जोसेफ पार्करशी थोडक्यात हरला होता, पण त्या लढतीत त्याचे हात किती वेगाने सुटतात ते स्वच्छ दिसतं. शिवाय जोशुआशी भिडण्याच्या सहाच आठवडे आधी तो दुसरी लढत जिंकून आला होता, म्हणजे अंग तयार होतं. उलट जोशुआने तयारी केली होती जॅरेल मिलरसाठी. मिलर उत्तेजक द्रव्यांच्या चाचणीत अडकला आणि वेगळ्याच धाटणीचा माणूस समोर आला. मी यातलं काहीच पाहिलं नव्हतं. फक्त दोघांचे फोटो पाहिले होते.

तेव्हापासून प्रत्येक मोठ्या हेवीवेट लढतीआधी मी वहीचं एक पान भरतो. त्या पानाची रीत खाली देतो आहे. तिचा गाभा एवढाच की कोण जिंकेल हा प्रश्न सगळ्यात शेवटी घ्यायचा. आधी लढत कशी होईल ते ठरवायचं.

एक गोष्ट सुरुवातीलाच. हा लेख पैसे लावण्यासाठी नाही. ऑनलाइन पैसे लावून खेळण्यावर 2025 च्या केंद्रीय कायद्याने बंदी आली आहे, आणि त्याआधीही या नादात घरं बुडालेली आपण पाहिली आहेत. अंदाज बांधायचा तो लढत नीट दिसावी म्हणून.

जवळ काय हवं

- एक वही. मोबाइलवरही चालेल, पण लढतीआधी लिहिलेलं नंतर बदलता येणार नाही अशी सोय करा. मी पानाचा फोटो काढून मित्रांना पाठवतो.
- दोघांच्या शेवटच्या चार-पाच लढतींचे पूर्ण व्हिडिओ.
- बॉक्सरेक या लढतींची नोंद ठेवणाऱ्या वेबसाइटवरची दोघांची पाटी, म्हणजे आजवरच्या निकालांची यादी: कधी, कोणाशी, कितव्या फेरीत.
- वजनाचे आकडे. हे लढतीच्या एक-दोन दिवस आधी मिळतात, म्हणून पानावर जागा रिकामी ठेवा.
- साधारण सहा-सात तासांचा वेळ, दोन-तीन संध्याकाळी विभागून.

1. आधी लढतीचे नियम आणि जागा वाचा

व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये 200 पौंडांच्या, म्हणजे सुमारे 90.7 किलोच्या वरचा तो हेवीवेट. वरची मर्यादा नाही. म्हणूनच 220 पौंडांचा माणूस 280 पौंडांच्या माणसासमोर उभा राहू शकतो. बाकी कोणत्याही गटात हे घडत नाही, त्यामुळे लहान वजनी गटांतले ठोकताळे इथे जसेच्या तसे लावू नका.

किताबाची लढत 12 फेऱ्यांची, प्रत्येक फेरी तीन मिनिटांची, मध्ये एक मिनिट विश्रांती. किताब नसेल तर 10 फेऱ्याही असतात. उशिरा पेटणाऱ्या माणसासाठी त्या दोन फेऱ्या फार मोलाच्या, म्हणून हा आकडा आधी टिपा. मग तारीख, शहर आणि कोणता बेल्ट पणाला आहे ते लिहा. डब्ल्यूबीसी, डब्ल्यूबीए, आयबीएफ आणि डब्ल्यूबीओ या बेल्ट देणाऱ्या चार प्रमुख संस्था आहेत.

2. पाटीवरचे आकडे उलटून वाचा

नवखा माणूस इथेच सगळ्यात जास्त फसतो. 2020 च्या फेब्रुवारीत डिऑन्टे वाइल्डर टायसन फ्युरीशी दुसऱ्यांदा लढायला उतरला तेव्हा त्याची पाटी होती 42 विजय, 1 बरोबरी, पराभव शून्य, आणि 42 पैकी 41 विजय नॉकआउटने. ती एकमेव बरोबरी फ्युरीशीच झालेली होती. ही पाटी पाहून कोणीही दबून जाईल. सातव्या फेरीत वाइल्डरच्या कोपऱ्यातून टॉवेल आत आला, म्हणजे त्याच्याच माणसांनी हार मानली.

म्हणून प्रत्येक विजयासमोर तीन प्रश्न लिहा. समोरचा तेव्हा किती वर्षांचा होता? त्याआधीच्या लढतीत तो जिंकला होता की हरला होता? त्याची धाटणी आत्ताच्या प्रतिस्पर्ध्यासारखी आहे का? तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. कारकिर्दीत एकदाही चपळ डावखुऱ्याशी न लढलेल्या माणसाचे वीस नॉकआउट चपळ डावखुऱ्यासमोर फार काही सांगत नाहीत.

पराभव तर अजून नीट वाचा. डॅनियल दुब्वा 2020 मध्ये जो जॉयससमोर गुडघा टेकून बसला, 2023 मध्ये ओलेक्झांडर उसिककडून नवव्या फेरीत हरला, आणि लोकांनी त्याच्यावर कच खाणारा असा शिक्का मारला. सप्टेंबर 2024 मध्ये वेम्बलीवर त्याच दुब्वाने जोशुआला पाचव्या फेरीत झोपवलं. जॉयसच्या लढतीत त्याच्या डोळ्याच्या खोबणीचं हाड मोडलं होतं, हे शिक्का मारणाऱ्यांपैकी किती जणांनी वाचलं होतं?

इथेच दुसरा सापळा आहे: अ ने ब ला हरवलं, ब ने क ला हरवलं, म्हणजे अ क ला हरवणार. जॉर्ज फोरमनने जानेवारी 1973 मध्ये जो फ्रेझियरला दुसऱ्या फेरीत संपवलं. मार्च 1974 मध्ये केन नॉर्टनलाही दुसऱ्याच फेरीत. फ्रेझियर आणि नॉर्टन दोघांनीही मुहम्मद अलीला हरवलेलं होतं, नॉर्टनने तर त्याचा जबडा मोडला होता. त्या हिशेबाने अलीला फोरमनसमोर उभंच राहता यायला नको होतं. 30 ऑक्टोबर 1974 ला किन्शासात अलीने फोरमनला आठव्या फेरीत नॉकआउट केलं. हे गणित हेवीवेटमध्ये चालत नाही, कारण प्रत्येक जोडी नवी असते.

3. पूर्ण लढत पाहा, आवाज बंद करून

हायलाइटमध्ये फक्त पडणं दिसतं. पडण्याआधीची पाच मिनिटं दिसत नाहीत, आणि अंदाज त्या पाच मिनिटांतून बांधायचा असतो. समालोचकाचा आवाजही बंद करा. तो एका बाजूला झुकला की आपलं लक्षही नकळत तिकडे जातं.

एका वेळी एकाच माणसाकडे बघा. मी पहिल्यांदा पाहताना फक्त पाय पाहतो. ठोसा मारून झाल्यावर तो सरळ मागे जातो की बाजूला सरकतो? सरळ मागे जाणारा माणूस लांब हातांच्या प्रतिस्पर्ध्याच्या उजव्या ठोशाला सापडतो. दोर पाठीला लागल्यावर तो काय करतो? मिठी मारतो, फिरून निघतो, की हात वर घेऊन नुसता उभा राहतो?

दुसऱ्यांदा पाहताना पुढचा हात, म्हणजे जॅब. किती वेळा मारतो आणि परत घेताना हात कुठे आणतो ते बघा. हात हनुवटीकडे न आणता छातीच्या उंचीवर परत आणायची सवय असेल, तर वहीत मोठ्या अक्षरात लिहा. समोरच्याचा प्रशिक्षकही तेच लिहीत असणार.

तिसऱ्यांदा फक्त आठव्या फेरीनंतरचा भाग. तोंड उघडं पडतं का, हात खाली येतात का, फेऱ्यांच्या मधल्या मिनिटात स्टुलावर तो प्रशिक्षकाचं ऐकतोय की शून्यात बघतोय. उसिकच्या लढती इथे डोळे उघडतात. जोशुआशी 2021 मध्ये टॉटनहॅमला झालेल्या लढतीची शेवटची फेरी पाहा. बारा फेऱ्यांतली बहुधा त्याची सगळ्यात चढाईची फेरी तीच.

एकजण डावखुरा असेल तर पुढच्या पावलांकडे वेगळं लक्ष द्या. डावखुरा आणि उजवा समोरासमोर आले की दोघांची पुढची पावलं एकमेकांना भिडतात. ज्याचं पाऊल बाहेरच्या अंगाला, त्याच्या मागच्या हाताला मोकळी वाट. डावखुरा उसिक हा पाऊलखेळ जन्मभर खेळत आला आहे.

4. शरीर: उंचीपेक्षा बदल बघा

उंची, हातांचा पल्ला आणि वय लिहून घ्या, पण त्यावर फार वेळ घालवू नका. फ्युरी सहा फूट नऊ इंच, पल्ला 85 इंच. उसिक सहा फूट तीन, पल्ला 78. दोनदा लढले, दोन्ही वेळा उसिक जिंकला.

खरं बोलतं ते वजन, आणि तेही त्याच माणसाच्या मागच्या वजनाशी ताडून पाहिलेलं. रुईझ पहिल्या लढतीत 268 पौंडांचा होता. सहा महिन्यांनी परतीच्या लढतीला आला तो 283 चा. जोशुआ 247 वरून 237 वर आला होता. वजनाच्या दिवशी हे दोन आकडे पाहिले आणि मी अंदाज पक्का केला: एक माणूस पळायची तयारी करून आला आहे, दुसरा नाही.

पण वाढलेलं वजन म्हणजे आळस, असंही धरू नका. वाइल्डरशी दुसऱ्या लढतीत फ्युरी पहिल्यापेक्षा सोळा-सतरा पौंड जड, 273 चा होता. ते वजन त्याने ठरवून आणलं होतं. वाइल्डरच्या अंगावर रेलून त्याचे पाय थकवायचे होते, आणि तसंच झालं. तेव्हा वजन बदललं तर त्यामागे कोणती योजना बसते, हे विचारा. बसत नसेल तर मग काळजीचं.

5. कॅम्प, प्रशिक्षक आणि रिकामे महिने

प्रशिक्षक बदलला असेल तर ती बातमी मोठी माना. त्याच दुसऱ्या लढतीआधी फ्युरीने प्रशिक्षक बदलला, डेट्रॉइटच्या चढाईच्या धाटणीत वाढलेल्या शुगरहिल स्टीवर्डकडे गेला आणि उघड सांगितलं की मी वाइल्डरला नॉकआउट करणार. हा दिशाभूल करतोय, असं बहुतेकांना वाटलं. मलाही वाटलं. तो अक्षरशः खरं सांगत होता. बॉक्सर तोंडाने काहीही बोलतो हे खरं, पण बोलणं आणि प्रशिक्षकाची निवड एकाच दिशेला जात असतील तर ऐकावं.

शेवटची लढत कधी झाली, किती फेऱ्या झाली? डिसेंबर 2023 मध्ये वाइल्डर पार्करसमोर आला तेव्हा त्याआधीच्या दोन वर्षांत तो अवघी एक फेरी लढला होता. पार्कर त्याच वर्षात अनेकदा लढून आला होता. लोक वाइल्डर आणि जोशुआच्या पुढच्या लढतीची गणितं मांडत होते. पार्करने सगळ्या जजच्या कार्डांवर वाइल्डरला हरवलं.

जागाही बघा. एप्रिल 2001 मध्ये लेनॉक्स लुईस दक्षिण आफ्रिकेत, जोहान्सबर्गजवळ ब्रॅकपनला हसीम रहमानशी लढला. ते पठार समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरहून उंच. रहमान तिथे बराच आधी जाऊन राहिला होता, लुईस एका चित्रपटाच्या चित्रीकरणानंतर उशिरा पोहोचला. पाचव्या फेरीत रहमानच्या उजव्या हाताने जगज्जेता आडवा झाला. नोव्हेंबरमध्ये लुईस नीट तयारी करून आला आणि चौथ्या फेरीत त्याने हिशेब चुकता केला. माणसं तीच दोन, सात महिन्यांत निकाल उलटा.

6. दोन वाटा लिहा

आता खरं काम. वहीच्या पानाचे दोन भाग करा. डावीकडे लिहा: पहिला जिंकला तर कसा जिंकेल. उजवीकडे: दुसरा जिंकला तर कसा. दोन्ही बाजूंना निदान पाच वाक्यं हवीत. ज्याच्यावर तुमचा भरवसा नाही त्याची वाट आधी लिहा. ती पाच वाक्यांत लिहिता येत नसेल तर समजा, त्याच्या लढती तुम्ही पुरेशा पाहिल्या नाहीत. परत पायरी 3 वर जा. मी जोशुआ आणि रुईझच्या वेळी हे केलं असतं तर निकाल बरोबर सांगितला असता असं मी म्हणत नाही, पण "जवळ येऊन तीन-चार ठोशांची सर" हे वाक्य पानावर असतं.

आपल्या कुस्तीतून हे पटकन कळतं. महाराष्ट्र केसरीच्या अंतिम कुस्तीत गादीवरचा विजेता आणि मातीतला विजेता समोर येतात. तिथला जाणकार प्रेक्षक पहिलवानाचा दंड बघून थांबत नाही. याचा आवडता डाव कोणता आणि समोरचा तो डाव लागू देईल का, हे तो विचारतो. बॉक्सिंगमध्येही तेच विचारा. याला लढत कुठल्या अंतरावर हवी आहे? ते अंतर कोण ठरवेल? हवं ते अंतर मिळालं नाही तर याच्याकडे दुसरा डाव आहे का?

फोरमनला समोरचा माणूस दोरांकडे ढकलून मारायला हवा होता. अलीने त्याला तेच करू दिलं, दोरांवर रेलून हात आणि दंडांवर ठोसे झेलले, त्याचा दम संपू दिला. फोरमनला पाहिजे ते अंतर मिळालं, पण पाचव्या फेरीनंतर त्याच्याकडे दुसरा डाव उरला नव्हता.

7. गुण द्यायला शिका

लढत शेवटपर्यंत जाईल असं वाटत असेल तर ही पायरी चुकवू नका. प्रत्येक फेरीत जिंकणाऱ्याला 10, हरणाऱ्याला 9. कोणी पडला तर सहसा 10-8. तीन जज, प्रत्येकाचं कार्ड वेगळं. ते स्वच्छ लागलेले ठोसे, परिणामकारक चढाई, रिंगवरचा ताबा आणि बचाव बघतात. लागले पण दिसले नाहीत, असे पोटातले ठोसे पुष्कळदा मोजले जात नाहीत, हे अनुभवाने ध्यानात ठेवा.

एका फेरीची किंमत किती असते ते 18 मे 2024 ला रियाधमध्ये दिसलं. उसिक आणि फ्युरी यांची कार्डं: 115-112 उसिक, 114-113 फ्युरी, 114-113 उसिक. नवव्या फेरीत फ्युरी दोरांवर लडखडला आणि रेफ्रीने आकडे मोजले, म्हणजे तो पडल्यासारखाच धरला गेला, म्हणून ती फेरी 10-8. ती फक्त 10-9 असती तर तिसरं कार्ड 114-114 झालं असतं आणि अख्खी लढत बरोबरीत सुटली असती. दोघांचा जीव बारा फेऱ्या पणाला लागला आणि निकाल त्या एका गुणावर फिरला.

कार्डांवर आंधळा विश्वासही नको. मार्च 1999 मध्ये लुईस आणि होलीफिल्डची लढत बरोबरीत दिली गेली तेव्हा लुईसच जिंकला असं बहुतेक पाहणाऱ्यांचं मत होतं. जवळच्या लढतीत अशा निकालासाठी पानावर जागा ठेवा.

8. टक्के लिहा

आता कोठे नाव लिहायचं. त्याच्यापुढे टक्के, आणि कसा निकाल लागेल ते: नॉकआउट की गुणांवर, साधारण कितव्या फेरीत. "जोशुआच जिंकणार" ही नुसती गर्जना झाली. "जोशुआ, 65 टक्के, उशिरा थांबवेल" हे तपासता येतं.

हेवीवेटमध्ये मी कोणालाही 85 च्या वर टक्के देत नाही. कारण 11 फेब्रुवारी 1990. टोकियोत माइक टायसन 37 विजय, शून्य पराभव घेऊन उतरला, आणि समोरच्या बस्टर डग्लसवर पैसे लावणाऱ्यांचा भाव 42 ला 1 होता, म्हणजे त्याला जेमतेम दोन टक्के. डग्लसची आई तेवीस दिवसांपूर्वी गेली होती. आठव्या फेरीत टायसनने त्याला पाडलंही. तो उठला आणि दहाव्या फेरीत टायसन चटईवर हाताने दातांचं कवच चाचपत होता. जॉर्ज फोरमनचं 1994 चं उदाहरणही जवळ ठेवा: 45 वर्षांचा, मायकेल मूररसमोर गुणांवर मागे पडलेला, आणि दहाव्या फेरीत एका उजव्या हाताने पुन्हा जगज्जेता.

आणि ताज्या लढतीच्या नशेत टक्के लिहू नका. ऑक्टोबर 2023 मध्ये पहिल्यांदाच व्यावसायिक बॉक्सिंग लढणाऱ्या फ्रान्सिस न्गानूने फ्युरीला पाडलं, फ्युरी कसाबसा जिंकला, आणि तो संपला अशी हाकाटी झाली. सात महिन्यांनी तो उसिकसमोर मधल्या फेऱ्यांत पुढे होता. त्याच न्गानूला जोशुआने मार्च 2024 मध्ये दुसऱ्या फेरीत झोपवलं, जोशुआ परत आला असं सगळे म्हणाले. पुढे दुब्वाने काय केलं ते वर लिहिलंच आहे.

9. वजनाच्या दिवशी फक्त आकडे घ्या

नजरेला नजर, धक्काबुक्की, ओरडणं: यातून काही कळत नाही. सरावाच्या छोट्या क्लिपा तर लोकांना दाखवायलाच काढलेल्या असतात. वजन लिहा, पायरी 4 शी ताडून पाहा, टक्के फार तर पाच-दहाने हलवा आणि पान बंद करा.

वेळेचं एक सांगून ठेवतो. रियाध किंवा लंडनची मुख्य लढत आपल्याकडे मध्यरात्रीनंतर, बहुधा पहाटे असते. अमेरिकेची रविवारी सकाळी. जाहीर झालेली वेळ पहिल्या छोट्या लढतीची असते, मुख्य लढत तिच्यानंतर तीन-चार तासांनी. गजर त्या हिशेबाने लावा.

10. दुसऱ्या दिवशी पान पुन्हा उघडा

नाव बरोबर आलं की चूक, ते पाहून थांबू नका. वाट बरोबर होती का ते तपासा. जोशुआ आणि रुईझच्या परतीच्या लढतीचं, 7 डिसेंबर 2019 चं, माझं पान असं आहे:

जोशुआची वाट: जॅब, बाजूला सरकणं, जवळ थांबायचं नाही. रुईझची वाट: पहिल्या सहा फेऱ्यांत आत शिरणं, अदलाबदलीत ओढणं. वजन: 237 आणि 283. अंदाज: जोशुआ, 65 टक्के, रुईझ थकल्यावर नवव्या ते अकराव्या फेरीत थांबवेल.

निकाल: जोशुआ, बारा फेऱ्या, 118-110, 118-110, 119-109.

खाली दुसऱ्या शाईत लिहिलं आहे: "रुईझ थकला, मी म्हटलं तसाच. जोशुआ तरीही आत गेला नाही. जूनमध्ये चार वेळा पडलेला माणूस डिसेंबरमध्ये संपवायला धावेल असं मी का धरलं?" आणि त्याखाली पुढची तारीख: 22 फेब्रुवारी 2020, लास वेगास, वाइल्डर आणि फ्युरी. आपल्याकडे रविवारी सकाळी.